चकती

बावीस वर्षं मी लोकांच्या भिंती वाचल्या.
तांडापेठ, पाचपावली, नाईक तलावाच्या मागच्या गल्ल्या.
कुणाचं मीटर जिन्याखाली, कुणाचं संडासाच्या दाराशी,
एक तर वेलीनं इतकं झाकलेलं
की आधी पानं सारायची, मग आकडा.

"तोडू नका भाऊ, गुळवेल होय थे."
आतला माग थांबला. वेणूताई हेडाऊ बाहेर आल्या,
भुवयांवर सुताचा भुगा.
"तोडली तरी मरत नाही म्हना. तारेवर फेका, तारेवर जगते."
मी वर पाहिलं. खरंच, सर्व्हिस वायरवरून
एक बारीक दोरा लोंबत होता,
खाली जमीन आहे का, चाचपत.

पुढच्या महिन्यात म्हणालो, मला शिकायचंय.
"कायले? पगार पुरत नाही काय?"
मग म्हणाल्या, एक झाड न्या. एकच.
पाच लावते, थो पाचही मारते.

गवती चहा, मुळासकट, ओल्या पोत्यात.
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावला,
पश्चिमेच्या गॅलरीत, मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत.
वाया कशाला म्हणून कुलरच्या टाकीतलं पाणी घातलं.
शेंडे विडीसारखे जळाले.

पहिला चहा मी अर्धा तास उकळला.
नलूनं एक घोट घेतला
आणि बेसिनकडे पाहिलं.
"उकळते काय कोणी? पाणी उतरवा, पानं टाका, झाका.
वास झाकणाले लागला तर तुमचा,
घरभर गेला तर शेजाऱ्याचा."
आणि ओवा किती?
चिमूटभर.
कुणाची चिमूट, माझी की नलूची?
"ज्याले खोकला, त्याची."

माझ्याकडे जुनी रीडिंगची वही होती, रकाने आखलेली.
तिच्यात लिहू लागलो.
ओवा, तव्यावर गरम, रुमालात बांधून नाकाशी.
मागील: रात्रभर शिंका.
चालू: पहाटे दोनदा.
फरक:
इथे पेन थांबायचं. ओव्यानं की नुसतीच रात्र सरली म्हणून?
तो रकाना मी कोराच ठेवत गेलो.

ताप आला तर काय द्यायचं, हे विचारलं त्या दिवशी
त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
"दोन दिवस पाहाचा. तिसऱ्या दिवशी मेयोत न्याचं. माह्याकडे नाही."
आणि दारातून आत वळता वळता:
"माह्या धाकट्याच्या वेळेस मी चौथा दिवस पाह्यला होता."
माग सुरू झाला. बराच वेळ
नुसता धोटा इकडून तिकडे.

गुळवेलीची ओळख त्यांनी सगळ्यात शेवटी दिली.
पान फसवते, म्हणाल्या, तसली पानं बहुत आहेत.
कात्रीनं देठ आडवा कापला
आणि हातावर ठेवला.
आत चाक होतं.
मधोमध ठिपका, भोवती आरे.
मला एकदम जुनी मीटरं आठवली,
काचेआडची ती फिरणारी चकती, तिच्यावरची काळी खूण.
ती खूण पुन्हा समोर यायची वाट बघत
मी किती दुपारी, किती अंगणांत उभा राहिलो होतो.
कुणाच्या घरात पंखा आहे, कुणाची शेगडी चोरून चालते,
चकती सगळं सांगायची.
मग नुसते लुकलुकणारे आकडे आले.
आता मीटर स्वतःच रीडिंग पाठवतं,
मला ऑफिसात खुर्ची मिळाली आहे.

परवा तरी गेलो तांडापेठेत. वही घेऊन.
"आता काय वाचाले आले?"
मी डबा पुढे केला, गवती चहाचे तीन फुटवे.
त्यांनी मुळं पाहिली, पानं नाही.
"कुलरचं पाणी बंद केलं वाटते."

तारेवरचा दोरा जमिनीला लागला होता.
मी हात पुढे केला तशा ओरडल्या,
"अंगठ्याएवढा झाल्याबिगर नाही!"

अंगठा लावून पाहिला.
वही उघडली.
चालू: करंगळी.